औषध कोणी पाजलं?

फोन उचलल्याबरोबर पलीकडचा माणूस म्हणाला, "मनी बहीण मरी जाई, मॅडम, माझी सख्खी बहीण. सुनेनं औषध पाजलं तिले. स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय तिनं."

द्राक्षाच्या पट्ट्यात 'औषध पाजलं' म्हणजे कीटकनाशक पाजलं, हे पोलिसांना समजावून सांगावं लागत नाही. उपनिरीक्षक नाझिया इनामदारने चहा तसाच ठेवला आणि हवालदार दीपकला जीप काढायला सांगितली.

फोन करणारा झुंबरनाना. देवळ्याचा कांद्याचा व्यापारी, अंगाने आडवा आणि रागाने उभा. नाशिकच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर तो चार माणसं घेऊन वाटच पाहत होता. त्याची बहीण चंद्रभागा आदल्या संध्याकाळी घरात कोसळली होती. तिची तालुक्याच्या गावाजवळ स्वतःची द्राक्षबाग. नवरा वारलेला, एक मुलगा हर्षल, आणि दोन वर्षांपूर्वी आलेली सून वैष्णवी.

"दोन वर्षं डोकं दुखतंय तिचं," झुंबरनाना म्हणाला. "साधं नाही. भिंतीला आपटून घ्यावंसं वाटतं असं. आणि हे कधीपासून? सून घरात आल्यापासून. आधी पन्नास वर्षांत तिनं डोक्याला कधी बाम लावला नव्हता."

"रोज दुखतं?"

"रोज नाही. अधूनमधून. दिवाळीत माझ्याकडे आली, आठवडाभर राहिली, तठे एकदम ठणठणीत. घरी परतली की पुन्हा सुरू. सुनेच्या हातचं खाल्लं नाही की दुखत नाही, यापेक्षा आणखी काय पुरावा पाहिजे?"

"आणि कबुली?"

"काल इथंच डॉक्टरनं विचारलं, कोसळायच्या आधी काय घेतलं होतं? ती म्हणाली, औषध मीच पाजलं. मी इथं या कानांनी ऐकलं, मग पुढं बोलूच दिलं नाही तिले."

पोलीस ठाण्याच्या साहेबांचाही फोन येऊन गेला. झुंबरनानांची ओळख वरपर्यंत होती. संध्याकाळपर्यंत गुन्हा दाखल करा आणि सुनेला ताब्यात घ्या, असं साहेबांचं म्हणणं. नाझियाने "हो सर" म्हटलं. ती मनमाडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. गाडी लेट आहे असं कोणी सांगितलं की आधी कुठून सुटली ते विचारायचं, ही तिच्या घराची शिकवण. इथेही तिने तेच ठरवलं.

डॉक्टर सुयश भावसार तरुण आणि थकलेला होता. "डोक्याचा स्कॅन स्वच्छ. कीटकनाशकाची रक्ततपासणी स्वच्छ. पण आल्या तेव्हा रक्तदाब तळाला, छाती धडधडत होती आणि चेहरा मानेपासून लालबुंद. दारूबद्दलही विचारलं मी. मुलगा म्हणाला, माळकरी घर आहे, थेंब कोणी घेत नाही."

"आता धोका?"

"आता नाही. पण कारण कळलं नाही तर पुन्हा होईल, आणि पुढच्या वेळी मी काही सांगू शकत नाही."

वैष्णवी बाकाच्या टोकाला बसली होती. अंगावर कालचीच साडी. रडून झालेलं होतं. आता तिच्या चेहऱ्यावर फक्त एक ताठपणा होता, आणि नाझियाला तो आवडला.

"औषध पाजलं म्हणालात?"

"औषध म्हणजे अशोकारिष्ट, मॅडम, बायकांचं आयुर्वेदिक टॉनिक. आईंना फार थकवा यायचा. माझी आजी घ्यायची, म्हणून लग्न झाल्यावर मीच सुरू केलं. रोज संध्याकाळी दोन चमचे, तेवढंच पाणी घालून. काल बागेत फार काम झालं होतं. आई म्हणाल्या, आज जरा जास्त दे. मी अर्धी वाटी दिली."

"आणि मग?"

"तासाभरात डोकं धरलं. मग कोसळल्या."

"बाटली कुठे आहे?"

"स्वयंपाकघराच्या फळीवर. न्या आणि तपासा."

"घरी कोणी आहे आत्ता?"

"कुलूप आहे. मी कालपासून इथेच आहे. हर्षल पहाटे कपडे आणि आधार कार्ड आणायला जाऊन आले तेवढेच."

नाझियाने वहीत काही लिहिलं नाही. तिने विचारलं, "डोकं दुखतं त्या दिवशी वेगळं काय असतं? आठवा."

वैष्णवीने बराच विचार केला. "दुखतं ते बागेत पेस्टचं काम असलं की. पण ते बाकीच्या बायकाही करतात, त्यांना काही होत नाही. आणि आई त्या दिवसांत जास्त दमतात. घरी आल्यावर टेकतसुद्धा नाहीत. उभ्यानेच भाकरी थापतात, उभ्यानेच जेवतात. मी म्हणते, बसा जरा. तर म्हणतात, मुकादमानं बजावलंय, पेस्ट लावल्यावर बसायचं नाही. मला वाटतं उन्हाचं काहीतरी असेल."

पेस्ट म्हणजे काय, हे नाझियाला दीपकने सांगितलं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलीच्या काडीवर जे डोळे असतात, म्हणजे फुटव्याच्या गाठी, त्यांना एक रसायन हाताने लावतात. मग सगळे डोळे एकदम फुटतात. कुठला डोळा लावून झाला ते कळावं म्हणून त्यात रंग मिसळतात.

हर्षल बाहेर पार्किंगमध्ये होता. तिशीचा, गळ्यात तुळशीची माळ, तोंडात वेलदोडा. त्याने बायकोचा बचाव केला नाही आणि तिच्यावर आरोपही केला नाही. नाझियाला हे दोन्हीपेक्षा जास्त खटकलं.

"तुमचं काय म्हणणं आहे?"

"मी काय म्हणू? एकीकडे आई, एकीकडे बायको. तपास तुम्ही करा."

"आईचं डोकं दुखतं तेव्हा नेमकं काय होतं?"

"चेहरा लाल होतो. मानेपासून वर चढत जातं. कानाच्या पाळ्या तर अशा पेटतात की गार तांब्या लावून धरावासा वाटतो. छातीत घोडा पळतो. आणि डोकं म्हणजे आतून कोणी घण घालतंय."

"आईने सांगितलं हे?"

"हो. म्हणजे, दिसतंच ना."

चंद्रभागाबाईंना अतिदक्षता विभागातून सकाळीच बाहेर आणलं होतं. हडकुळी, काटक बाई. हाताला सलाइन, आणि बोटांच्या टोकांवर गुलाबी रंग. सिस्टरने तो स्पिरिटने पुसायचा प्रयत्न केलेला दिसत होता. नखांच्या कडेला तो तसाच राहिला होता.

"बाई, दुखतं तेव्हा कानांना काही होतं?"

म्हातारीने चमकून पाहिलं. "तुमाला कोन म्हनलं? पेटतात कान. पन म्या कुनाला सांगितलं नाय. डोकं दुखतं म्हनलं तर लोक दवा देत्यात. कान पेटतात म्हनलं तर हसतील."

"मुलालाही नाही?"

"कुनालाच नाय."

नाझियाने ते वहीत टिपलं. मग तिने विचारलं, "दिवाळीत भावाकडे गेलात, तेव्हा ते अशोकारिष्ट बंद होतं?"

"बंद कशाला? बाटली पिशवीत घातली होती वैष्णवीनं. दोन वेळा तर झुंबरनंच ओतून दिलं."

"हातमोजे घालता पेस्ट लावताना?"

"मोजा घातला की डोळा बोटाला लागत नाय. मालकीन बोटं झाकून बसली तर बायांनी काय करायचं?"

"तुम्हाला सुनेवर संशय आहे?"

चंद्रभागाबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. "मला काय बी कळंना," ती म्हणाली. ते उत्तर ऐकून नाझियाला वाईट वाटलं, कारण दाराशी वैष्णवी उभी होती.

जीप बागेकडे निघाली. नाझियाच्या डोक्यात हिशेब जुळत नव्हता. अरिष्टात विष असतं तर देवळ्यालाही डोकं दुखायला हवं होतं. पेस्टमध्ये दोष असता तर सगळ्या बायका आडव्या व्हायला हव्या होत्या. एकेक पाहिलं तर दोन्ही साळसूद. आणि साहेबांनी दिलेली संध्याकाळ जवळ येत होती.

घर उघडलं. स्वयंपाकघराची फळी रिकामी होती. डब्यांच्या रांगेत एका बाटलीएवढी जागा, तिथे तेलकट गोल डाग, पण बाटली नाही.

"झालं," दीपक म्हणाला. "पुरावा नाहीसा केला बाईने."

"मग बाटली तपासा असं मला तिने स्वतःहून का सांगितलं?" नाझिया म्हणाली. "आणि ती कालपासून दवाखान्यातून हललेली नाही."

बागेत शेवटच्या प्लॉटवर काम चालू होतं. मालकीण दवाखान्यात असली तरी छाटलेल्या वेली थांबत नाहीत. मुकादम केरू पेठ तालुक्याकडचा, वीस वर्षं या पट्ट्यात येणारा. त्याचे तळवे चंद्रभागाबाईंच्या बोटांसारखेच गुलाबी होते.

"केरूभाऊ, या औषधाचा तुम्हाला कधी त्रास?"

"नाय मॅडम. हाताला खाज सुटते, बाकी काय नाय. नियम पाळला की काय होत नाय."

"कसला नियम?"

केरू जरा घुटमळला. आजूबाजूला बायका होत्या. "म्या रोज सकाळी सगळ्यांला वरडून सांगतो. बाप्यांला, बायांला, सगळ्यांला. आज पेस्ट लावायची हाय, सांजच्याला कुनी बसायचं नाय."

"मालकीणबाईंनाही सांगितलंत?"

"त्यांच्यासमोरच तर सांगतो."

"मग किती वेळ उभं राहायचं?"

केरूने गमछा तोंडाला लावला. मागे दीपक विनाकारण खोकला. नाझियाला दोघांचाही राग आला, पण कशाचा ते कळेना. ती जीपमध्ये येऊन बसली.

गाडी सुरू होते न होते तोच दीपकचा फोन वाजला. त्याने मॅडमकडे चोरून पाहत आवाज खाली केला. "नाही रे, आज नाही बसता येणार. ड्यूटी आहे. रविवारी बसू."

"गाडी वळवा," नाझिया म्हणाली.

ती केरूशी एकटीच बोलली. बोलून झाल्यावर केरूने कपाळाला हात लावला आणि बांधावर मटकन खाली बसला. मग ती घरामागच्या पत्र्याच्या खोलीत गेली. फवारणीची सगळी औषधं तिथे ठेवलेली असायची. कॅन, डबे, अर्धवट वापरलेल्या बाटल्या. तिने एकेक लेबल वाचलं. पेस्टच्या कॅनवरची बारीक अक्षरं तिने दोनदा वाचली आणि फोटो काढून डॉक्टरला पाठवला. सगळ्यात मागे, बुरशीनाशकाच्या डब्याआड, तिला हवी ती बाटली मिळाली.

डॉक्टरचा फोन लगेच आला. त्याने लेबलवरची ओळ आधी मोठ्याने वाचली. मग म्हणाला, "हे मला कालच कोणीतरी सांगायला हवं होतं."

चंद्रभागाबाईंच्या खोलीत सगळे जमले तेव्हा खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. झुंबरनाना पलंगाशी, हर्षल दाराशी, वैष्णवी कोपऱ्यात. केरूला दीपकने सोबत आणलं होतं. तो चपला बाहेर काढून भिंतीला टेकून उभा राहिला.

"घ्या आता ताब्यात," झुंबरनाना म्हणाला.

"कोणाला? औषध तुम्हीही पाजलंय." नाझियाने बाटली टेबलावर ठेवली. "दिवाळीत दोनदा. याच बाटलीतलं."

झुंबरनानाने बाटली उचलून पाहिली. "ते तर टॉनिक हाय."

"सूनही तेच सांगत होती. तुम्ही औषध एवढंच ऐकलंत आणि पुढचं मनाने भरलंत."

"मग देवळ्यात डोकं का दुखलं नाही?"

"कारण देवळ्यात तुमची बहीण पेस्ट लावत नव्हती." नाझियाने पेस्टच्या कॅनचा फोटो सगळ्यांना दिसेल असा धरला. "या रसायनाचा एक स्वभाव आहे. एरवी ते अंगाला खाज आणतं, फार तर फोड. पण ते अंगात असताना माणसाने दारू घेतली तर शरीराला ती पचवता येत नाही. चेहरा लाल होतो, कान पेटतात, छाती धडधडते, डोकं फुटतं. रक्तदाब कोसळला तर जीवही जातो. डॉक्टर, बरोबर?"

"बरोबर," भावसार म्हणाला. "म्हणूनच मी दारूचं विचारलं होतं."

"माझी बहीण दारू पिते म्हनता?" झुंबरनाना उभा राहिला.

"खाली बसा नाना. आसव आणि अरिष्ट आंबवून करतात. आंबवताना त्यात आपोआप थोडं मद्य तयार होतं. बाटलीवर लिहिलेलं असतं, पण टॉनिकचं लेबल कोण वाचतं? दोन चमच्यांनी डोकं दुखायचं. काल दिवसभर उघड्या हातांनी पेस्ट लावली आणि अर्धी वाटी घेतली, म्हणून बाई कोसळल्या. एकटी पेस्ट निर्दोष, एकटं अरिष्ट निर्दोष. सून आल्यावर अरिष्ट सुरू झालं, म्हणून दुखणं सुनेबरोबर आलं. छाटणीचा हंगाम संपला की थांबायचं. दिवाळीत इथलं काम बंद होतं, म्हणून देवळ्यात थांबलं."

"अगं बाई," चंद्रभागाबाई पुटपुटली. "पन मला कुनी सांगितलं कसं नाय?"

"सांगितलं होतं. रोज सकाळी. केरूभाऊ, काय सांगत होतात?"

केरूची मान वर होईना. "आज कुनी बसायचं नाय."

"म्या पाळलं की ते," चंद्रभागाबाई म्हणाली. "पाय मोडून यायचे पन टेकले नाय."

खोलीत कोणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, पण कोणाला धीर झाला नाही.

"बसायचं नाय म्हंजी प्यायचं नाय, मालकीनबाई," केरू म्हणाला. "तुमच्या घरात माळ. बायामानसांसमोर, तुमच्यासमोर, दारूचं नाव कसं घेनार? बाप्यांला कळतं. बायांला सांगायची गरज काय, त्या थोड्याच पितात, असं वाटलं मला. चुकलो मी."

"चूक झाली, गुन्हा नाही," नाझिया म्हणाली. "गुन्ह्याच्या जवळ जाईल असं काम दुसऱ्याच कोणीतरी केलं. ही बाटली फळीवरून पत्र्याच्या खोलीत चालत गेली नाही. पहाटे घरी कोण गेलं होतं, हर्षल?"

हर्षलने वेलदोडा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. "मी कपडे आणायला गेलो होतो."

"आईचे कान पेटतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आईने."

"म्या नाय सांगितलं," चंद्रभागाबाई म्हणाली.

"कान पेटणं बाहेरून दिसत नाही, हर्षल. गार तांब्या लावून धरावासा वाटतो, हे तर ज्याचे पेटले त्यालाच माहीत. तुम्ही पेस्ट लावून बसला होतात. कधी?"

त्याने खिडकीकडे पाहिलं. वैष्णवी पहिल्यांदा बोलली. "मागच्या वर्षी. मित्राच्या मळ्यावर. रात्रभर न्हाणीत डोक्यावर पाणी ओतत होते. मला म्हणाले, पित्त झालंय. वास मला आला होता. आईंना सांगेन म्हटलं, तर माळेची शपथ घातली."

"काल आईचा लाल चेहरा पाहिलात आणि तुम्हाला कळलं," नाझिया म्हणाली. "कशाने झालं तेही कळलं. बाटलीचं लेबल तुम्ही वाचलेलं होतं, नाहीतर ती लपवली कशाला असती? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. पण तुला कसं माहीत, असं कोणीतरी विचारलं असतं. म्हणून थेंब कोणी घेत नाही म्हणालात, पहाटे बाटली लपवलीत, आणि बायकोवर आळ आला तेव्हा पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिलात. तिच्यावर आळ राहिला तर तुमच्या पिण्याबद्दल तिने काही सांगितलं, तरी कोणी खरं मानलं नसतं."

"मी तसा विचार नव्हता केला, मॅडम," हर्षल म्हणाला. आता त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "आई वाचली होती. वाटलं, थोडं शांत होऊ दे."

"मला नेलं असतं आज," वैष्णवी म्हणाली. "गावासमोर, जीपमध्ये घालून. मग बोलला असतात?"

त्याने गळ्यातली माळ चाचपली. "जामीन केला असता मी. चांगला वकील दिला असता."

नाझियाने नोकरीत पुष्कळ कबुल्या ऐकल्या होत्या. इतकी स्वच्छ कबुली तिने ऐकली नव्हती. झुंबरनानासुद्धा जमिनीकडे पाहत होता.

चंद्रभागाबाईने सलाइन नसलेला हात पुढे केला. "माळ काढ," ती मुलाला म्हणाली. "इकडं दे." हर्षलने माळ काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने मूठ मिटली आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही.

"पोरी, चुकलं माझं," झुंबरनाना वैष्णवीला म्हणाला. तिने मान हलवली. त्याचा अर्थ माफ केलं असा होता की ऐकलं एवढाच, ते कळलं नाही.

"पोलिसांना खोटं सांगितलं आणि बाटली लपवली, हे माझ्या अहवालात येणार," नाझिया हर्षलला म्हणाली. "उद्या सकाळी ठाण्यात या." मग तिने वैष्णवीकडे वळून विचारलं, "तुम्ही कुठे जाणार?"

"माहेरी. बसस्टँडपर्यंत सोडाल?"

वैष्णवीने उशाशी ठेवलेल्या गोळ्या क्रमाने लावल्या, कुठली जेवणाआधी आणि कुठली नंतर ते सिस्टरला सांगितलं, पाण्याचा पेला सासूच्या हाताशी सरकवला. चंद्रभागाबाई ते सगळं पाहत होती. सुनेचा हात पेल्यावरून उचलला जायच्या आत तिने तो धरला.

"मी पन तुझ्यावर शंका घेतली," ती म्हणाली. "तू दाराशी हुतीस, मला माहीत हुतं. तरी भिंतीकडं तोंड केलं."

"हो," वैष्णवी म्हणाली.

"बरी झाले की मी येईन तुला न्यायला. तो नाय येनार. मी येईन."

नवऱ्याऐवजी सासू न्यायला येते, असं त्या गावात कधी झालेलं नव्हतं. वैष्णवीने हात सोडवून घेतला नाही.

"या," ती म्हणाली. "जेवून जा. पण मी बरोबर येईनच, असं धरून येऊ नका."